मीठ टाकलं

गाडी चढत नव्हती तोवर ठीक होतं. पण आता ती मागे सरकायला लागली होती... सावकाश, अगदी सभ्यपणे.

दीक्षाने ब्रेक दाबला. पायाखाली काहीतरी खडखडलं, गाडी तिरपी झाली आणि डावीकडच्या दगडी बांधाला मागचं चाक टेकवून थांबली. बाहेर बर्फ भुरभुरत होता. दुपारचे साडेतीनच वाजले होते, पण डर्बीशायरच्या डोंगरात डिसेंबरचा दिवस साडेतीनलाच आवरायला घेतो. रस्त्याच्या उजवीकडे बांध नव्हता. तिकडे नुसतं पांढरं होतं, आणि त्या पांढऱ्याखाली किती खोल आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं. उन्हाळ्यात ती रोज तिथूनच खालचा ओढा बघत जायची.

"आई गं... मेले आता," ती मोठ्याने म्हणाली. धुकं धरू नये म्हणून काच दोन बोटं उघडी होती, एवढंच.

"मरू नका," काचेतून मराठीत उत्तर आलं. "आधी हँडब्रेक ओढा."

भीतीने माणसाला भास होतात हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवलेलं तिला आठवलं. पण भासाने नारिंगी जाकीट घातलं होतं, भुवयांवर बर्फ साचला होता आणि तो काचेशी वाकून हसत होता. त्याच्यामागे, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकणारी कौन्सिलची अवाढव्य लॉरी उभी होती, डोक्यावरचा पिवळा दिवा गरगर फिरत होता.

तिने हँडब्रेक ओढला. "तुम्ही... मराठी?"

"लंडनच्या हाउन्सलोचा मराठी. आजी अकोल्याची." मग त्याची नजर डॅशबोर्डवरच्या बोटभर बुद्धमूर्तीवर गेली आणि त्याचा चेहरा एकदम घरच्यासारखा झाला. "जय भीम. मी सम्यक. माझा मराठी थोडा घसरते. तुमच्या गाडीसारखा."

"जय भीम," ती म्हणाली, आणि गेल्या दहा मिनिटांत पहिल्यांदा तिने पुरता श्वास घेतला. "दीक्षा. मी नर्स आहे. वर मिसेस बूथ राहतात, त्यांना चारला इन्सुलिन द्यायचंय. त्यांना दिसत नाही, त्यांची त्यांना सुई भरता येत नाही."

"मग चढायला पाहिजे. बूटमध्ये काय आहे? मागून गाडी फार खाली बसलाय."

त्याने डिकी उघडली. आत वीस-वीस किलोची दोन पोती होती.

"तांदूळ आहे," दीक्षा म्हणाली.

"ते दिसतंय. लग्न आहे कुणाचा?"

"वजन आहे ते!" ती चिडली. घाबरलेली असली की ती आधी चिडायची. "बाबांनी सांगितलं. चाकं फिरत असली तर डिकीत दोन पोती वाळू टाक म्हणाले. पस्तीस वर्षं गाडी चालवलीय त्यांनी, बांधकाम खात्यात. मेळघाटच्या चिखलात अँबॅसेडर घातलीय."

"मग वाळू कुठे आहे?"

"वाळू घरात आणून करू काय नंतर? तांदूळ खाता तरी येतो."

तो इतका हसला, की टोपीवरचा बर्फ खाली पडला. तिला राग यायला हवा होता. पण गंमत म्हणजे आला नाही.

"बाबांचा बरोबर आहे," तो म्हणाला. "अँबॅसेडरला मागची चाकं ढकलतात. तुमची गाडी पुढची चाकं ओढतात. इंजिन पुढे, ताकद पुढे. मागे वजन टाकलं की नाक वर होतं आणि पुढची चाकं हलकी. म्हणून नुसती फिरतात."

बोलता बोलता त्याने एक पोतं उचललं, पुढच्या सीटवर बसवलं आणि त्याला सीटबेल्ट लावला. दुसरं त्याच सीटच्या पायाशी ठेवलं. मग लॉरीतून फावडंभर जाडं मीठ आणून पुढच्या चाकांखाली टाकलं.

"मीच बसलो असतो इकडे," पोत्यावर थाप मारत तो म्हणाला, "पण डेझीला एकटं सोडता येत नाही."

"डेझी कोण?"

त्याने लॉरीकडे बोट दाखवलं. दारावर मोठ्या अक्षरांत नाव होतं. इकडे मिठाच्या लॉऱ्यांना शाळेतली मुलं नावं देतात. ह्या अठरा टनी धुडाला कुणा पोरीने डेझी केलं होतं.

"सेकंड गिअर. क्लच हळू... अजून हळू. ॲक्सिलरेटर जणू अंडं आहे पायाखाली."

गाडी थरथरली, थांबली आणि मग चक्क चढली. वरच्या वळणावर दीक्षाने आरशात पाहिलं. पिवळा दिवा तिच्या मागोमाग येत होता.

मिसेस बूथच्या फाटकाशी त्याने विचारलं, "उद्या सकाळी परत?"

"रोज सकाळ-संध्याकाळ. सकाळी आठला."

"मी पहाटे पाचला इथे असतो. वर सिग्नल नाही. मीठ टाकून खाली गेलो की मेसेज करतो. मेसेज आल्याशिवाय निघायचं नाही."

"कौन्सिलची अशी सर्व्हिस आहे?"

"आजपासून आहे," तो म्हणाला, आणि नंबर मागायला फोन पुढे केला.

*

दुसऱ्या दिवशी पावणेसातला मेसेज आला. दोनच शब्द. 'मीठ टाकलं.'

तिसऱ्या दिवशीही तेच. नंतर रोज. महिन्याभरात असं झालं, की दीक्षाला सहालाच जाग यायची आणि ती चहाचं आधण ठेवून फोनकडे बघत बसायची. दोन शब्द आले, की मगच ती चहात साखर घालायची. आता ह्याला काय म्हणायचं ते वाचकांनीच ठरवावं. ती स्वतः ह्याला 'रोड सेफ्टी' म्हणत होती.

कारण भीती खरीच होती. गेल्या फेब्रुवारीत, कोल्डस्टोनच्या ह्याच चढावरून उतरताना, तिने वळणावर स्टिअरिंग फिरवलं होतं आणि गाडी वळलीच नव्हती. सरळ गेली होती... काळ्या, न दिसणाऱ्या बर्फावरून, शांतपणे. नशिबाने बांध आडवा आला. दिवा फुटला, तिला खरचटलंही नाही. पण गाडीने आपलं ऐकलं नाही, तो एक क्षण तिच्या पोटात कायमचा जाऊन बसला होता. उन्हाळाभर तो झोपला. नोव्हेंबरात पहिलं दहिवर पडलं, तसा जागा झाला. रोज किल्ली फिरवताना तिचे तळहात ओले व्हायचे.

हे तिने सम्यकला सांगितलं जानेवारीच्या पहिल्या रविवारी, गुरांच्या बाजाराच्या ओसाड मैदानात. तो तिथे तिला 'शिकवायला' घेऊन आला होता. मूळचा तो कौन्सिलमध्ये रस्त्यांचा इंजिनिअर. हिवाळ्यात हौसेने लॉरीवर पाळी घ्यायचा. तो डब्यात आजीच्या रेसिपीचं, अंमळ करपलेलं थालीपीठ घेऊन आला होता आणि एव्हाना 'तू'वर आला होता.

"पुढच्या चाकांना दोन कामं असतात," तो म्हणाला. "ओढायचं आणि वळायचं. बर्फात दोन्ही एकदम सांगितलं, की एकही करत नाहीत."

"मग काय करायचं? सरळ जाऊन मरायचं?"

"तू सारखी मरते का? हे बघ. पाय हळूच उचल. स्टिअरिंग अजून फिरवू नको, उलट जरा सरळ कर. आणि थांब. एक सेकंद. चाक परत रस्ता पकडते."

"बांध समोरून येतोय, आणि मी एक सेकंद थांबू?"

"हो. आणि पाय झटक्यात नाही उचलायचा. मागची बाजू हलकी आहे, ती फिरून पुढे यायला बघेल."

तिने केलं. पहिल्यांदा किंचाळली, दुसऱ्यांदा डोळे मिटले. ते फारसं उपयोगी नव्हतं. सहाव्यांदा तिने दात आवळून तो एक सेकंद वाट पाहिली... आणि चाकांनी खरोखरच जमीन पकडली. नाक वळलं. तिने आनंदाने त्याच्या दंडाला धरलं आणि मग आपण काय धरलंय हे लक्षात येऊन घाईघाईने गिअरला धरलं.

"गिअरला पण आवडलं," तो पुटपुटला.

"काय म्हणालास?"

"म्हटलं, टायर बदल. विंटर टायर. चारही, नुसते पुढचे नाही. आणि कधी चढलीच नाही ना गाडी, तर उलटी चढव."

"उलटी म्हणजे?"

"रिव्हर्समध्ये. चढावर वजन खालच्या बाजूला येते. गाडीचं तोंड खाली असेल, तर सगळा वजन ओढणाऱ्या चाकांवर. जुन्या लोकांची ट्रिक आहे."

त्या संध्याकाळी तिने अमरावतीला फोनवर हे सांगितलं, तेव्हा तिच्या बाबांनी, काशीनाथरावांनी, तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

"पुढची चाकं ओढतात म्हणतेस. मग मागची काय करतात?"

"मागून येतात, बाबा."

"हे काही खरं नाही, पोरी." मग जरा थांबून, "आणि हा शिकवणारा कोण आहे म्हणालीस?"

"कौन्सिलचा माणूस आहे," दीक्षा म्हणाली, आणि आपला आवाज इतका बेफिकीर का येतोय ह्याचं तिलाच नवल वाटलं.

*

एक गोष्ट मात्र तिने त्याला सांगितली नव्हती. तिच्या फोनमध्ये एक अर्ज भरून ठेवलेला होता. हाउन्सलोजवळच्या हॉस्पिटलात वॉर्डची नोकरी, सपाट रस्ते, दारात बस, गाडीची गरजच नाही. जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत पाठवायचा होता. एक बटण दाबायचं बाकी होतं. म्हणूनच तिने टायरही बदलले नव्हते. जायचंच आहे, तर टायर कशाला?

बुधवारी, मिसेस बूथच्या फाटकापाशी, तिने ते एका दमात सांगून टाकलं.

सम्यक टोपी हातात घेऊन उभा राहिला. "तुला जायचंय? की भीती वाटते?"

"भीती वाटते म्हणून जायचंय."

ती वाट बघत होती. तो 'जाऊ नको' म्हणेल. निदान चेष्टा करेल. पण तो टोपीचा काठ नुसता उलटसुलट करत राहिला.

"हाउन्सलो चांगला आहे," तो शेवटी म्हणाला. "आई तिथेच असते. ती... ती दर एप्रिलला कॅमडेनच्या घरी नेईल तुला, बाबासाहेब राहायचे तिथे. आम्ही लहानपणापासून जातो. फ्लॅट रस्ता आहे सगळा."

"थँक यू," दीक्षा म्हणाली. तिला रडू येत होतं आणि त्याचा भयंकर राग येत होता. फ्लॅट रस्ता म्हणे!

गुरुवारी मेसेज आला. 'मीठ टाकलं.' तिने उत्तर दिलं नाही.

शुक्रवारी मेसेज आला नाही.

रात्रभर बर्फ पडला होता. सात वाजले, सव्वासात वाजले. रागावला असेल, तिने स्वतःला समजावलं. पण सम्यक रागावला तरी मीठ टाकणारा माणूस होता. मेसेज तो खाली आल्यावर करायचा. मेसेज नाही, म्हणजे तो खाली आलेलाच नाही. हे तिला गॅसपाशी उभं असताना उमगलं आणि हातातला चमचा खाली पडला. तिने फोन लावला, लागला नाही. मिसेस बूथची लँडलाइनही मुकी होती.

तिची वरिष्ठ मार्गारेट फोनवर म्हणाली, "आज चढावर जाऊ नकोस. फोर-बाय-फोरवाले स्वयंसेवक दुपारी बाराला येतील."

"मिसेस बूथची साखर बारापर्यंत थांबेल?"

पलीकडे मार्गारेटने यादीची पानं चाळल्याचा आवाज आला.

"अर्ध्यापर्यंत जाऊन बघते," दीक्षा म्हणाली. "नाही जमलं तर परत फिरेन."

अर्ध्यापर्यंत गाडी निमूट गेली. बर्फाखाली त्याने पहाटे टाकलेलं मीठ होतं, चाकांना ते कळत होतं. मग तेच वळण आलं आणि पुढची चाकं जागच्या जागी फिरू लागली. गाडी थांबली, मागे सरकली. पोटातला तो फेब्रुवारीचा क्षण उठून बसला. परत फिर, तो म्हणाला. तुला कुणी नावं ठेवणार नाही.

तिने गाडी सरकत-सरकत, हँडब्रेकवर जीव ठेवून, समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी केलेल्या रुंद जागेत आणली. तिथे चार वेळा पुढे-मागे करून वळवली. आता तोंड खाली होतं. घराकडे. पहिला गिअर टाकला असता, तर वीस मिनिटांत ती चहा पीत बसली असती.

तिने रिव्हर्स टाकला.

मान मागे वळवली, उजवा हात स्टिअरिंगवर, डावा शेजारच्या सीटच्या पाठीवर. मागच्या काचेत नुसतं पांढरं. कुठे रस्ता संपतो आणि कुठे ओढ्याची दरी सुरू होते, ते बांधाच्या टोकदार दगडांवरून ताडायचं. क्लच हळू... अजून हळू. पायाखाली अंडं. चाकं एकदा फिरली, दोनदा फिरली, आणि मग त्यांनी धरलं. गाडी उलटी, कण्हत, चढायला लागली.

ती इतकी घाबरलेली होती, की मोठमोठ्याने बोलत होती. "सम्यक, तू जिवंत असशील तर मी तुला मारेन. फ्लॅट रस्ता म्हणे. फ्लॅट रस्ता!" एकदा मागची बाजू दरीकडे सरकली. तिचा पाय झटक्यात उचलला जाणार होता... तिने तो हळूच उचलला. स्टिअरिंग सरळ केलं. एक सेकंद. आयुष्यात एवढा लांब सेकंद तिने पाहिला नव्हता. चाकांनी रस्ता पकडला.

शेवटच्या वळणावर, मागच्या काचेत, पिवळा दिवा फिरताना दिसला. डेझी बांधावर कलून पडली होती. दार उघडं होतं. आत कोणी नव्हतं.

हँडब्रेक ओढून दीक्षा धावली. फाटक, अंगण, स्वयंपाकघराचं दार... आणि आत, चुलीजवळ, मिसेस बूथच्या फुलाफुलांच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला सम्यक चहा पीत बसला होता. डावा पाय स्टुलावर, घोटा चांगलाच सुजलेला.

"ए अप, डक," मिसेस बूथ आवाजाच्या दिशेने म्हणाल्या. हा इकडचा नमस्कार, आणि त्या सगळ्यांनाच 'डक' म्हणायच्या. "तुझा माणूस लॉरीतून उतरताना घसरला बघ. पहाटेपासून बसलाय. फोन बंद. सारखा म्हणतोय, ती येऊ नये, ती येऊ नये."

"तू वर कशी आली?" सम्यकचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. "मी मेसेज नाही केला! मेसेज नाही तर निघायचं नाही!"

"मेसेज नाही म्हणूनच निघाले!" ती ओरडली.

मग तिने हात धुतले. आधी मिसेस बूथची साखर तपासली, इन्सुलिन दिलं, वहीत वेळ लिहिली आणि त्यांनी टोस्ट खाल्ल्याची खात्री केली. नंतर ती सम्यकच्या घोट्याला पट्टी बांधायला बसली.

"दीक्षा," तो हळू म्हणाला. "मी बुधवारी काही बोललो नाही... मला पण भीती वाटत होता. तू ह्या रस्त्याला घाबरते. मी म्हटलं असतं राहा, आणि मग तुला काही झालं असतं तर?"

"मग हाउन्सलोच्या फ्लॅट रस्त्यावर मी सुखात राहीन, असं ठरवलंस."

"हो."

"आणि तू?"

सम्यकने चहाचा कप तोंडाला लावला. तिने पट्टीची गाठ जरा जास्तच घट्ट आवळली. "आई गं!" तो म्हणाला. मिसेस बूथ टोस्ट चावता चावता समाधानाने हसल्या.

*

लॉरी काढायला माणसं खाली सिग्नल मिळाल्यावरच बोलावता येणार होती. पायाचा एक्स-रेही काढायला हवा होता. गाडीचं तोंड खालीच होतं, तेवढं एक सोपं झालं.

सम्यक पुढच्या सीटवर, एकदा तांदूळ बसला होता तिथे, सीटबेल्ट लावून बसला. दीक्षाने पहिला गिअर टाकला. ब्रेकला पाय न लावता, गाडी तिच्या चालीने उतरू लागली. शेजारी बघितलं तर अठरा टनांची लॉरी हाकणारा हा माणूस दारावरचं हँडल दोन्ही हातांनी धरून बसला होता.

"घाबरलास?"

"फार."

"माझ्या ड्रायव्हिंगला?"

"नाही गं." तो समोर बघत होता. "तू आज तो अर्ज पाठवशील, त्याला. बुधवारपासून घाबरलोय. मला सांगता येत नव्हतं... मराठीत पण नाही आणि इंग्लिशमध्ये पण नाही. दीक्षा, पुढच्या सीटवर वजन लागते ना? मी रोज बसतो. तू म्हणशील तितके दिवस."

वळण आलं. फेब्रुवारीचं वळण. तिच्या तळहातांना घाम फुटला. काहीच बदललेलं नव्हतं. तिने नजर रस्त्यावर ठेवली, स्टिअरिंग कणभर वळवलं, आणि वाट पाहिली. गाडी वळली.

गिअरच्या दांड्यावरच्या तिच्या हातावर त्याचा हात आला. थंडगार, मिठाने खरखरीत झालेला.

चढ संपला. खाली मोठा रस्ता होता, काळा, ओला, मोकळा.

"हात काढ," दीक्षा म्हणाली.

त्याने चटका बसल्यासारखा हात काढला आणि खिडकीबाहेर बघू लागला. त्याचे कान लाल झाले होते.

तिने क्लच दाबला, दुसरा गिअर टाकला. मग तिसरा.

"तांदूळ इतकं बोलत नव्हता," ती म्हणाली. "सोमवारी टायर बदलायला जायचंय. चारही. येशील?"

तो वळून बघतच राहिला.

"गिअर बदलायचा होता रे," दीक्षा म्हणाली. "आता ठेव."